कुमक फुकट मिळते, म्हणून ती कुठेही सोडायची नसते

आज सकाळी आमच्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने 'किंगडम रश' या, रस्त्याकडेला टॉवर बांधून शत्रूला दारापर्यंत पोहोचू न देण्याच्या गेममधल्या आपल्या खेळाचा व्हिडिओ टाकला आणि खाली सल्ला लिहिला, की कुमकेला, म्हणजे बटण दाबून रस्त्यावर उतरवता येणाऱ्या दोन जादा सैनिकांना, सोने (गेममधले पैसे) लागत नाही, त्यामुळे बटण उजळले रे उजळले की शत्रूच्या तोंडावर सोडून मोकळे व्हावे. या सल्ल्याला भराभर अंगठे मिळाले आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

व्हिडिओत काय दिसते ते नीट पाहा. लांडग्यांची झुंड रस्त्याच्या सुरुवातीला येते. तिथवर एकाही टॉवरचा मारा पोहोचत नाही. हा गडी नेमके तिथे कुमकेचे दोन शेतकरी उतरवतो. दोन लांडगे त्यांच्याशी झुंजत थांबतात, उरलेले बाजूने निघून जातात आणि शेतकरी एकही बाण मदतीला न येता मरतात. झुंड वळणावर, म्हणजे तोफेच्या टप्प्यात, पोहोचते तेव्हा कुमकेचे बटण अजून काळेच असते आणि तोफेचे गोळे पुढे निघून गेलेल्या लांडग्यांच्या मागे मोकळ्या जमिनीवर पडतात. मग खाली लिहायचे काय, तर तोफखाना कुचकामी आहे! कमाल आहे.

उरुग्वेच्या आयर्नहाइड गेम स्टुडिओने 2011 मध्ये हा गेम आणला, तेव्हापासून त्याचा कणा एकाच गोष्टीत आहे: तुमचा सैनिक शत्रूला अडवतो. एक सैनिक एका शत्रूला अडवतो, बॅरॅक्समधले (सैनिक पुरवणाऱ्या टॉवरमधले) तिघे तिघांना अडवतात आणि चौथा चालत पुढे जातो. मारण्याचे काम मुख्यतः तिरंदाज, जादूगार आणि तोफा करतात. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूचा घोटा धरून ठेवतो तो बाकीच्यांना तुटून पडता यावे म्हणून, आणि बोलावलेल्या सैनिकाचे कामही तेच आहे. बाकीचे जिथे पोहोचूच शकत नाहीत, तिथे घोटा धरून काय उपयोग?

हे मला माझ्या धाकट्या आतेबहिणीने दाखवले. एका दिवाळीच्या सुट्टीत ती नाशिकहून आमच्याकडे आली होती आणि वडिलांच्या जुन्या टॅबलेटवर दिवसभर हाच गेम खेळत बसायची. ती टॉवर बांधण्याआधी रस्ता न्याहाळायची, वळणाच्या आतल्या बाजूला तोफ आणि तिरंदाज उभे करायची आणि मग बॅरॅक्सचा रॅली पॉइंट, म्हणजे सैनिकांनी उभे राहायची जागा, बोटाने अगदी थोडा मागे घ्यायची. मी विचारले, तर मान वर न करता म्हणाली, "दादा, हे इथे उभे राहिले की ते पण इथेच थांबतात, मग तोफ चुकत नाही." इतके साधे आहे ते. तोफेचा गोळा सावकाश येतो, त्यामुळे पळत्या लांडग्यावर तो वाया जातो आणि थांबलेल्या घोळक्यावर मात्र सोन्याच्या मोलाचा ठरतो.

कुमक तर ती पुढे टाकतच नसे. बॅरॅक्सच्या सैनिकांच्या किंचित मागे, पण त्याच टॉवरांच्या माऱ्यात, ती दुसरी फळी लावायची, म्हणजे पहिल्या तिघांना चुकवून निसटलेला शत्रू त्याच वळणावर पुन्हा अडकायचा. सैनिक जखमी झाले, की ती कुमक त्यांच्या पुढ्यात उतरवायची आणि रॅली पॉइंट मागे ओढून त्यांना लढाईतून बाहेर काढायची, कारण लढाई थांबली की सैनिकांची तब्येत आपोआप भरून येते. हीच चाल कुमकेशिवाय केली, तर सैनिक मागे वळताच शत्रू मोकळा होऊन चालू लागतो. त्या वयात तिला हे कोणी शिकवले नव्हते. ती बघत होती, एवढेच.

मान्य आहे, एखादा शत्रू अगदी दारापर्यंत पोहोचला असेल, तर शेवटच्या क्षणी तिथे टाकलेली कुमक एक जीव (शत्रू दारातून निसटला की आपण गमावतो तो) वाचवते, आणि 20 पैकी किमान 18 जीव राखल्याशिवाय तीन स्टार मिळत नाहीत. तो नाइलाज असतो, त्याला पद्धत म्हणू नये. अपग्रेड केलेली कुमक बरीच दणकट होते, हेही खरे. पण दणकट माणूस चुकीच्या जागी उभा केला, तर तो फक्त जरा उशिरा मरतो.

मला खरा संताप येतो तो 'फुकट' या हिशेबाचा. सोने लागत नसले तरी वेळ लागतो. एकदा सोडलेली कुमक मेली नाही तरी थोड्या वेळाने नाहीशी होते आणि बटण पुन्हा भरेपर्यंत तुमचे हात रिकामे असतात. जादूगारांच्या सॉर्सरर टॉवरमधून बोलावता येणाऱ्या मातीच्या राक्षसाचेही असेच हाल होतात. एवढा धिप्पाड, घाव सोसणारा गडी बोलावायचा आणि त्याचा रॅली पॉइंट एकदाही न हलवता तो जिथे उगवला तिथेच ठेवायचा! 'आर्कनाइट्स' या अशाच दुसऱ्या गेममध्ये कोणते पात्र किती शत्रूंना अडवते, हा आकडा समोर लिहिलेलाच असतो, म्हणून तिथे खेळणारे निदान जागेचा विचार तरी करतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. तो मुलगा अजून लहान आहे, आणि त्याने दुसऱ्याचा खेळ स्वतःच्या नावावर न खपवता स्वतः हरलेला डाव सगळ्यांसमोर ठेवला, हे आपल्या ग्रुपमध्ये फार जण करत नाहीत. माझी आतेबहीणही एकेक लेव्हल पुन्हा पुन्हा हरायची, फक्त हरल्यावर पहिल्यांदा सैनिक कुठे उभे होते ते बघायची. तेव्हा अंगठे देणाऱ्यांनी त्याला दोन ओळी समजावून लिहायला हव्या होत्या.

संध्याकाळी मी त्याला फोन करणार आहे. तीच लेव्हल पुन्हा उघड, शत्रूंची पहिली लाट बोलावण्याआधी प्रत्येक टॉवरवर बोट ठेवून त्याच्या माऱ्याचे वर्तुळ बघ, जिथे दोन-तीन वर्तुळे रस्त्यावर एकमेकांवर येतात तिथे रॅली पॉइंट लाव, आणि लांडगे त्या जागी पोहोचेपर्यंत कुमकेच्या बटणाला हात लावू नकोस, एवढेच त्याला सांगेन.