खुर्चीवर ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओतायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो आहे: ‘डायनिंगच्या खुर्च्या आणि सोफा दहा मिनिटांत नव्यासारखा! सोफा धुणाऱ्यांना पैसे देऊ नका.’ खाली सहा उपाय. काल रात्री तो ऐरोलीला माझ्या आत्याकडे पोहोचला. नातवानं खुर्चीवर शू केली होती. तिनं ब्लीचची आणि टॉयलेट क्लीनरची बाटली काढून ठेवली आणि ‘कशाची किती झाकणं घालू गं?’ हे विचारायला मला फोन केला. तिला दमा आहे. बाहेर धो धो पाऊस, घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या. तिनं फोन न करता ते मिश्रण केलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिला उपाय शब्दशः असा आहे: ‘एक झाकण ब्लीच, एक झाकण टॉयलेट क्लीनर गरम पाण्यात मिसळा आणि स्पंजने घासा. उग्र वास आला म्हणजे जंतू मरत आहेत असे समजा.’

तो वास क्लोरीन वायूचा असतो. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. संडास साफ करायच्या बहुतेक बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो, आणि पाणी गरम असेल तर तो भराभर बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे, त्यामुळे तो वर न जाता खाली साचतो. खुर्चीची गादी घासणारं माणूस कुठे असतं? जमिनीवर बसलेलं, तोंड बादलीच्या बाजूला. शेजारी रांगणारं मूल असलं तर ते त्याहून खाली. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, आणि फुप्फुसांचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. जुलै 2010 मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरांतून गळती झाली आणि शंभरावर लोकांना त्रास झाला, तो हाच वायू. घरात त्याचं प्रमाण कितीतरी कमी असेल, पण बंद खोलीत दमेकऱ्याला तेवढंही पुरतं.

‘आम्ही तर नेहमी असंच करतो, काही होत नाही,’ असं ग्रुपवर दोघींनी लिहिलंच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं मे 2020 मध्ये, लोक घरात जंतुनाशकं कशी वापरतात यावर 502 प्रौढांची पाहणी केली होती. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळू नये हे फक्त 35 टक्के लोकांना माहीत होतं. अमोनिया मिसळू नये हे 58 टक्क्यांना. ब्लीच पातळ करायला गरम पाणी न घेता साधं पाणी घ्यावं हे जेमतेम 23 टक्क्यांना. म्हणजे ‘सगळेच करतात’ हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. सगळ्यांनाच माहीत नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता शू. फॉरवर्ड म्हणतो, लघवीच्या डागावर हे मिश्रण ‘रामबाण’. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचे वायू सुटतात, तेही श्वसनमार्गाला जाळणारे. टॉयलेट क्लीनर बाजूला ठेवला तरी ब्लीच इथे नकोच.

आणि मुळात खुर्चीचं कापड म्हणजे बादलीतला शर्ट नव्हे. शर्ट तुम्ही चार पाण्यांतून खळबळून काढता. खुर्चीची गादी खळबळता येत नाही. वर जे ओताल ते कापडातून फोममध्ये उतरतं आणि तिथेच बसतं. ब्लीच आत राहिलं की सुती कापडाचा रंग उडत राहतो, रेशीम आणि लोकर यांचे धागे चक्क विरघळतात, फोमही झिजत जातो. साबण आत राहिला की कापड चिकट होतं आणि जास्त धूळ धरतं. या सहाही उपायांना एवढं एकच उत्तर पुरेसं होतं, पण फॉरवर्ड करणाऱ्यांना प्रत्येक मुद्द्याला उत्तर हवं असतं, म्हणून पुढचं लिहिते.

कोणी चुकून हे मिश्रण केलंच असेल तर ते ‘मारायला’ वरून आणखी काही ओतू नका. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता हाताशी असतील त्या खिडक्या उघडा, आणि श्वासाला त्रास होत असेल तर 108 ला फोन करा.

दुसरा उपाय बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस रात्रभर ठेवण्याचा. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, ते एकमेकांना संपवतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते सोडियम अॅसिटेट या क्षाराचं पाणी. दोन्ही बाटल्या वाया. एक मान्य करते: नुसता कोरडा सोडा भुरभुरून काही तासांनी व्हॅक्यूमनं ओढला तर वास कमी होतो, आणि चहाच्या ताज्या डागावर पातळ केलेलं व्हिनेगर थोडंफार काम करतं. पण वेगवेगळं.

तिसरा वाचून मी कपाळाला हात लावला: ‘हळदीच्या डागावर सोड्याची पेस्ट.’ हे लिहिणाऱ्यानं स्वतः करून पाहिलेलं नाही, हे उघड आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लालभडक होतं. वरणाच्या पिवळ्या डागाला साबण लावल्यावर तो कुंकवासारखा होतो, हे महाराष्ट्रात कपडे धुतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सोड्यानं तेच होणार. कर्क्युमिन उन्हानं फिकं पडतं, त्यामुळे सहाव्या उपायात गादी उन्हात ठेवायला सांगितली आहे, ते इथे खरंच उपयोगी आहे. पण गादी काढता येत असेल तर, आणि डागापुरतं. दिवसभर गच्चीवर ठेवलात तर हळदीबरोबर कापडाचा रंगही जाईल.

चौथा, ‘कोणताही डाग उकळत्या पाण्यात सुटतो.’ तूप-तेलाला गरम पाणी मदत करतं. रक्त, दूध, अंडं यांतली प्रथिनं मात्र उष्णतेनं गोठतात आणि धाग्यात पक्की बसतात. त्यांना गारच पाणी. पाचवा, शाईला थिनर: ज्वलनशील आहे, आणि काही कापडांच्या मागच्या रबरी थराला विरघळवतो. बॉलपेनच्या शाईवर कापसानं थोडं सॅनिटायझर चालेल, तेही गॅस आणि देवाच्या दिव्यापासून दूर.

सहाव्यातला दुसरा भाग ‘पाइप लावून स्वच्छ धुवा’. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत जुलैमध्ये टॉवेल दोन दिवस वाळत नाही. चार इंची फोम कसा वाळेल? आत बुरशी धरते, खालचा प्लायवुड फुगतो आणि कुबट वास वर्षभर जात नाही.

मग करायचं काय? आधी खुर्ची उलटी करा, गादीच्या चेनजवळ चिठ्ठी शोधा. त्यावर अक्षर असतं. ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्याचा क्लीनर चालतो, ‘एस’ असेल तर फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही, आणि ‘एक्स’ असेल तर व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रशपलीकडे काहीही नाही. आपल्याकडे बऱ्याच खुर्च्या जवळच्या कारागिराकडून शिवून घेतलेल्या, त्यांना चिठ्ठी नसते. अशा वेळी सीटच्या खालच्या बाजूला दोन थेंब लावून पांढऱ्या फडक्यानं दाबा आणि पूर्ण वाळू द्या. फडक्यावर रंग आला किंवा कापडावर कडा उमटली तर थांबा. मखमल असेल तर आणखी जपून. ती कधी कधी व्हिस्कोस या कृत्रिम रेशमाची असते, आणि तो धागा ओला झाला की कमजोर होतो.

सांडलं की लगेच टिपा. घासू नका, घासल्यानं डाग आत जातो आणि कापडाला गोळे येतात. डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत या. आत्याला मी हेच सांगितलं: कोरडा टॉवेल दाबून धर, मग गार पाण्यात पिळलेलं फडकं, मग पुन्हा कोरडा टॉवेल, आणि पंखा थेट खुर्चीवर. वास राहिला तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो मुलांच्या शूलाही चालतो. रोजची निगा म्हणाल तर आठवड्याला एकदा व्हॅक्यूम. ठाण्यात घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ खाल्लेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. ते बारीक कण धाग्यात राहिले की प्रत्येक बसण्यागणिक कापड कापत जातात.

सोफा धुणाऱ्यांबद्दल फॉरवर्डचा राग मला अर्धा पटतो. काही जण बादलीभर फेस करून ड्रिलच्या ब्रशनं घासतात आणि ओली चिंब गादी ठेवून निघून जातात. म्हणून बोलावण्याआधी फोनवरच विचारा: पाणी परत ओढून घेणारं मशीन आहे का, कुठलं द्रावण वापरता, आणि वाळायला किती तास लागतील? ‘उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल’ असं उत्तर आलं तर दुसऱ्याला फोन लावा.