टाकीतली तार का विरघळते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टाकीत सोडलेल्या दोन तारांच्या टोकांना पाणी टेकलं की वाजणाऱ्या, म्हणजे टाकी भरल्याचं सांगणाऱ्या घरगुती बझरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. कोपरखैरण्याच्या रो-हाउसवर तुम्ही तो बसवलात, दोन महिन्यांत तार हिरवी पडून तुटली, पावसात टाकी अर्धी असतानाही बझर वाजत राहिला. आणि पिण्याच्या पाण्यात करंट सोडण्यापेक्षा बाजारातला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) बरा, असं तुमचं म्हणणं. मुद्दे रास्त आहेत, पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि इलाजही.

आधी तार. तुम्ही साध्या वायरची टोकं सोलून पाण्यात सोडली आहेत. ९ व्होल्टची बॅटरी, बारीक करंट वाढवून देणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला (करंट आत घेणाऱ्या पायाला) १० किलोओहमचा रेझिस्टर. एवढ्या सर्किटमध्ये दोन्ही टोकं बुडाली की पाण्यातून साधारण ०.२ मिलीअँपिअर करंट जातो. किरकोळ वाटतो, पण तो सतत एकाच दिशेने वाहतो आणि प्लसकडच्या टोकाचं तांबं पाण्यात उतरवतो. किती करंटला किती धातू विरघळतो हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर चोवीस तासांत सुमारे पावणेसहा मिलिग्रॅम. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेच्या एक सेंटिमीटर तुकड्यात तांबं असतं जेमतेम ९० मिलिग्रॅम. म्हणजे टाकी भरलेलीच राहिली तर पंधरा-सोळा दिवसांत तेवढं टोक खलास. मायनसकडची तार शाबूत राहते, फार तर पांढरट थर धरते. तुमचीही एकच तार तुटली असणार, बघा. तुमच्याकडे नळाला येणाऱ्या मोरबे धरणाच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून निदान एवढं तरी टिकलं. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचा टँकर घेतलात तर करंट वाढतो आणि तार त्याहून लवकर जाते.

तांब्याऐवजी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची ३ मिलिमीटरची सळई घ्या. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे तुकडे मिळतील. सळई इतकी लांब हवी की वायरचा जोड टाकीच्या बाहेर येईल. पाण्याखाली किंवा वाफेत जोड ठेवला तर दोन धातूंच्या संगतीनेच तो सडतो, आणि साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, ते पिण्याच्या पाण्यात जाताच कामा नये.

पण नुसती सळई बदलून भागत नाही. कायमच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर, स्टेनलेस स्टीललाही कालांतराने छिद्रं पडतात. खरा इलाज म्हणजे करंटचा वेळ कमी करणं. टाकी भरली की नाही हे मोटर चालू असतानाच कळायला हवं ना? मग बॅटरी काढा आणि ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मोटरच्या स्विचमागे जोडून घ्या, म्हणजे मोटर बंद तेव्हा प्रोब (पाण्यातल्या सळया)ही बंद. रोज तासभर मोटर चालत असेल तर झीज चोवीस पटींनी कमी झाली. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. अ‍ॅडाप्टर चांगल्या कंपनीचा, आतून मेन्सपासून विलग असलेलाच हवा. इंटरनेटवर २३० व्होल्टमधून थेट कपॅसिटर लावून व्होल्टेज उतरवणारी सर्किटं दिसतात. त्यांचं एक टोक सरळ मेन्सला असतं. पाण्याजवळ ती जीवघेणी आहेत.

आता पावसातला खोटा बझर. झाकणाच्या आतून दव धरतं, दोन्ही प्रोब एकाच लाकडी पट्टीवर असतील तर ती पट्टी ओली होते आणि तिच्यातून दहा-वीस मायक्रोअँपिअर झिरपतात. ट्रान्झिस्टर त्याला शंभरावर पटींनी वाढवतो, तेवढ्यावर पिझो बझर बारीक आवाजात वाजू लागतो. बेस आणि एमिटर (ट्रान्झिस्टरचा मायनसला जोडलेला पाय) यांच्यामध्ये २२ किलोओहमचा एक रेझिस्टर टाका. सुमारे ३० मायक्रोअँपिअरपर्यंतची गळती तो परस्पर मायनसला नेतो, त्यामुळे २८० किलोओहमपेक्षा जास्त रोधाचा ओला मार्ग असेल तर बझर गप्प बसतो. पाण्याचा रोध त्याहून पुष्कळ कमी, तेव्हा खरी सूचना चुकत नाही. दोन्ही सळयांसाठी झाकणाला स्वतंत्र भोकं पाडा, किमान १० सेंटिमीटर अंतरावर. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा आहे आणि या सगळ्यात सर्वांत जास्त गुण त्याचाच येतो.

पाण्याचं म्हणाल तर पावणेसहा मिलिग्रॅम तांबं ५०० लिटरमध्ये म्हणजे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची, स्वीकार्य मर्यादा ०.०५ आहे. तरीही पिण्याच्या टाकीसाठी मी फ्लोटच सुचवेन, कारण त्यात पाण्यातून करंट जातच नाही. फक्त कुठला, ते बघा. लहान उभा रीड फ्लोट, ज्याच्या बोंडात चुंबक असतं, तो याच बझरला प्रोबच्या जागी चालतो. पण त्याचा संपर्क बहुधा १० वॅटचा असतो. त्यावर मोटर थेट टाकलीत तर पत्त्या चिकटतात आणि टाकी वाहत राहते. केबलला लटकणारा मोठा फ्लोट मोटर पेलतो, पण मग २३० व्होल्ट पाण्यात उतरतात आणि तीच केबल वर्षानुवर्षं एका जागी वाकत राहते. त्याला रिले (कमी व्होल्टवर मोटरचा स्विच चालू-बंद करणारा) लावून टाकीकडे १२ व्होल्टच पाठवा.

तुमच्या मोटरला साधा स्विच आहे की पुशबटणाचा स्टार्टर, ते कळवा. स्टार्टर असेल तर मेन स्विच चालू असूनही मोटर बंद असू शकते, तेव्हा अ‍ॅडाप्टरचा जोड स्टार्टरच्या पुढे, मोटरकडच्या बाजूला घ्यावा लागेल.