आधी कॉपी, मग डिलीट

मासेमारी बंदीचे ६१ दिवस, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, मालवणच्या बंदरावर दोन गोष्टींना भरती येते: जाळी शिवत बसलेल्या माणसांच्या गजाली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड. या बंदीत वाडीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि आठवड्याभरात चार वेगवेगळ्या ग्रुपांतून मला परत मिळाला, एकदा तर डोंबिवलीच्या चाकरमान्यांकडून फिरून. मजकूर लांबलचक आहे. सार एवढंच (बाकीचे दावे पुढे येतीलच): "मरण संपलं! शास्त्रज्ञांनी माशीचा मेंदू संगणकात उतरवला. २०४५पर्यंत माणसाची चेतना अँड्रॉइड शरीरात ट्रान्स्फर होणार. न थकणारं, न मरणारं शरीर! विज्ञानकथांनी हे आधीच सांगितलं होतं, आणि त्यांच्याही आधी आपल्या ऋषींनी: परकायाप्रवेश! आजच आपल्या माणसाचा आवाज आणि फोटो पाठवून ठेवा." खाली लिंक. (अँड्रॉइड म्हणजे इथे फोन नव्हे, माणसासारखा रोबोट.)

बंदराच्या रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल, इन्व्हर्टर, बोटींवरचे फिश फाइंडर. विज्ञानकथा शाळेत असल्यापासून वाचतोय. म्हणजे हा फॉरवर्ड माझ्या धंद्यावरही येतो आणि छंदावरही. तेव्हा एकेक दावा घेतो.

"माशीचा मेंदू संगणकात उतरवला." उतरवला तो नकाशा. ऑक्टोबर २०२४मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यामधले पाच कोटींहून जास्त जोड. काम अफाट आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ते झालं कसं? एका मेलेल्या माशीच्या मेंदूचे हजारो पातळ काप काढले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेतले आणि कोणती तार कुठे जाते ते संगणकानं आणि माणसांनी मिळून लावलं. त्या नकाशावरून केलेल्या एका मॉडेलनं माशीला गोड चव लागली की कोणत्या पेशी जाग्या होतील याचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर दिले, हेही खरं. तरी ती माशी काही संगणकात उडत नाहीये. बोटीवरच्या चार्टात खडक कुठे आणि पाणी किती वाव हे असतं. आज वारा कुठून आहे ते नसतं.

याहून जुनं उदाहरण एका मिलिमीटरभर अळीचं आहे. तिच्यात ३०२ चेतापेशी. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली छापून आला. जवळपास चाळीस वर्षं झाली, पण त्या अळीचं सगळं वागणं संगणकात तंतोतंत उभं करता आलेलं नाही. माणसाच्या मेंदूत चेतापेशी आहेत साधारण ८,६०० कोटी. २०२४मध्येच मानवी मेंदूच्या एक घन मिलिमीटर तुकड्याचा, म्हणजे तांदळाच्या कणीएवढ्याचा, नकाशा झाला; त्याला १.४ पेटाबाइट जागा लागली. एक टेराबाइटच्या चौदाशे हार्ड डिस्क, एका कणीला! मेंदू आहे बारा लाख कण्यांच्या आसपास. गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

आता मुख्य शब्दाकडे येतो: "ट्रान्स्फर".

बंदीतच एक म्हातारे तांडेल दुकानात आले. जुन्या फोनची काच तडकलेली, बटणांच्या फटीत मीठ. नवा फोन मुलानं मुंबईहून धाडलेला. म्हणाले, "झिला, ह्येच्यातला सगळा तेच्यात घाल." केबल लावली. पाऊण तासानं दोन्ही फोन त्यांच्यापुढे ठेवले. दोन्हींवर नातवाचा तोच फोटो, टोपी घातलेला, जीभ बाहेर. आबांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"मगे ह्येच्यातला गेला नाय?"

नाही गेलं, आबा. जातच नसतं. माझ्या धंद्यात "ट्रान्स्फर" नावाचं काही नाही. आहे ती कॉपी, आणि कॉपी नीट झाली की जुन्यावरचं डिलीट. त्यांच्यासमोर जुना फोन फॅक्टरी रीसेट केला, स्क्रीन कोरी झाली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. नातवाचा फोटो एका फोनातून दुसऱ्यात "गेला" असं वाटायला जुना फोन रिकामा व्हावा लागला.

हेच माणसाला लावून बघा. समजा सगळं तंत्रज्ञान मिळालं. आबांच्या मेंदूची पेशीन् पेशी वाचली आणि अँड्रॉइडमध्ये भरली. अँड्रॉइड डोळे उघडतो, "मी बाळू तांडेलाचो झील" म्हणतो, सुनेला नावानं हाक मारतो. आणि खुर्चीवर बसलेले आबा? ते तिथेच. त्यांचा गुडघा तसाच दुखतोय. आता कोणाला रीसेट करायचं? फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं "ट्रान्स्फर" हा एक गोड शब्द टाकून नेमका हा प्रश्न गिळलाय. कोकणात तर त्याच्यापुढे आणखी एक भानगड आहे. सातबाऱ्यावर आधीच सतरा नावं, त्यात दोन आबा, आणि दोघांनाही बांधाची जागा तोंडपाठ.

हा प्रश्न मी काढलेला नाही. डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९८४ साली तो मंगळावर धाडणाऱ्या यंत्राच्या रूपात मांडला: यंत्र इथल्या माणसाची नोंद घेतं, तिथे हुबेहूब माणूस तयार करतं, आणि एक दिवस इथला माणूस नष्टच होत नाही. पारफिटचं स्वतःचं उत्तर माझ्यासारखं नव्हतं. त्याला "तो मीच का" हा प्रश्नच आपण समजतो तेवढा महत्त्वाचा वाटत नसे. पण निदान त्यानं प्रश्न लपवला नाही.

प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा फॉरवर्डमध्ये नाहीच, तो मीच मांडतो. रोबोटिक्सवाले हान्स मोराव्हेक यांनी १९८८मध्ये कल्पना मांडली की एकदम कॉपी नको, माणूस जागा असताना मेंदूचा थोडा थोडा भाग बदलत जायचा. म्हणजे होडीसारखं. या वर्षी एक फळी बदलली, पुढच्या वर्षी दुसरी, वीस वर्षांनी मूळचं एकही लाकूड नाही. पण नाव तेच, नंबर तोच, आणि नारळी पौर्णिमेला पूजा होते तीही त्याच होडीची. पटतं की नाही? मलाही अर्धं पटतं. फक्त एक करा: काढलेल्या फळ्या फेकू नका, मागच्या अंगणात त्याच क्रमानं जोडत जा. शेवटी दोन होड्या उभ्या राहतील, आणि कोणती वडिलांची यावर भाऊ भांडतील. असो. या वाटेवर विचार करायला जागा आहे, पण फॉरवर्डमधली वाट ही नाहीच. मेंदूची पेशीन् पेशी वाचायची आज माहीत असलेली पद्धत म्हणजे मेलेला मेंदू घट्ट करून त्याचे काप करणं. तिथे डिलीट आधी आणि कॉपी नंतर.

"शास्त्रज्ञांनी २०४५ साल ठरवलं." हे साल फिरलं ते मुख्यतः दोघांमुळे. अमेरिकन संशोधक-उद्योजक रे कर्झवाइल यांनी २००५च्या पुस्तकात मोठ्या उलथापालथीसाठी ते दिलं होतं. दिमित्री इत्स्कोव या रशियन उद्योजकानं २०११मध्ये तर "२०४५" याच नावानं उपक्रम काढला आणि टप्पेही जाहीर केले. त्यातला एक टप्पा होता: २०२० ते २०२५च्या दरम्यान माणसाचा मेंदू कृत्रिम शरीरात बसवणं. २०२५ गेलं. कोणाला असा माणूस बाजारात भेटला असेल तर कळवा. मेंदूविज्ञानातल्या लोकांनीही असे वायदे केलेत. हेन्री मार्करम यांनी २००९मध्ये दहा वर्षांत मानवी मेंदू संगणकात उभा करता येईल असं म्हटलं होतं. युरोपचा मोठा मेंदू प्रकल्प २०१३ला सुरू झाला, २०२३ला संपला, उपयोगी कामं बरीच झाली, मेंदू काही उभा राहिला नाही.

"सोफिया रोबोटला नागरिकत्वसुद्धा मिळालं." मिळालं, ऑक्टोबर २०१७, सौदी अरेबिया. सोफिया म्हणजे माणसासारखा चेहरा लावलेला, बोलणारा रोबोट. दशावतारात संकासुर समोर आला की लहान पोर भोकाड पसरतं. म्हणून मुखवट्यात जीव असतो असं कोणी म्हणत नाही.

"मेंदूतली चिप मन वाचते." जानेवारी २०२४मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेल्या चिपला १,०२४ इलेक्ट्रोड होते, आणि हातपाय न हलणारा तो तरुण नुसत्या विचारानं कर्सर हलवू लागला. माझ्या मते या सगळ्या गदारोळातली खरी बातमी हीच. पण वाचला जातो तो हालचालीचा इरादा. रापण ओढणाऱ्यांचा आवाज ऐकून जाळं कुठवर आलं ते समजेल, आत बांगडा आहे की नुसतं शेवाळ ते नाही समजायचं.

परकायाप्रवेशावर जरा थांबतो, कारण ग्रुपवर "आपल्या पूर्वजांचा अपमान नको" असं आधीच येऊन गेलंय. योगसूत्रांच्या विभूतिपादात परशरीरावेशाचं सूत्र आहे, हे खरंच. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या शरीरात प्रवेश केल्याची कथाही प्रसिद्ध आहे. पण कथा नीट वाचा. आचार्यांचं शरीर शिष्य गुहेत राखत बसतात, कारण तिथे परत यायचंय. आणि राजाच्या देहात, राजाच्या सुखात आचार्य इतके रमतात की शिष्यांना गवयी बनून दरबारात जावं लागतं आणि गाण्यातून आठवण करून द्यावी लागते. कथा रचणाऱ्याला ठाऊक होतं: देह बदलला की आतला माणूस तसाच राहत नाही. फॉरवर्ड नेमकं उलटं सांगतो. शिवाय कथेत आचार्य एकच आहेत, दोन नाहीत. आमच्या देवळात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो आणि जातो. ज्याच्यावर आला तो माणूस कुठे राहायला गेला असं गावात कोणी म्हणत नाही. या गोष्टींना त्यांच्या जागी मान आहे. त्यांना रोबोट कंपनीची जाहिरात करू नका.

विज्ञानकथांचंही तेच. "लेखकांनी आधीच सांगितलं" म्हणायला लेखकांनी ते आनंदानं सांगितलेलं असावं लागतं. सी. एल. मूर या लेखिकेनं १९४४मध्येच आगीत होरपळलेल्या नर्तकीचा मेंदू धातूच्या देहात बसवला होता. पूर्ण कथा एकाच धास्तीवर उभी आहे: ही आता माणूस उरली आहे का, आणि किती दिवस उरेल. आणि तिथेही मेंदू खराच होता, फाइल नव्हती.

राहिलं ते "न मरणारं शरीर". हे वाचून मी खरोखर हसलो. टेबलावर आत्ता एक फिश फाइंडर उघडा आहे, दोन पावसाळे झालेला. बोर्डावर हिरवा थर चढलाय, कनेक्टरच्या पिना बोटानं चुरतात. हा "वॉटरप्रूफ" होता. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, सुटे भाग येत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या मेलेल्या मशीनचे काढून घालतोय. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ झालं तेव्हा इथे कितीतरी घरांत दिवसेंदिवस लाइट नव्हती. इन्व्हर्टर बसले, मोबाईल बसले, माणसं पेज पिऊन चालती राहिली. आपला मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो, फ्रीजमधल्या बल्बाएवढ्या विजेवर. २०२२मध्ये जगात पहिला आलेला महासंगणक साधारण २० मेगावॅट खायचा, म्हणजे दहा लाख पट, आणि त्याच्या आत कोणी राहत नव्हतं.

शेवटची ओळ: "आवाज आणि फोटो पाठवून ठेवा." हे मात्र कृपा करून करू नका. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणारी साधनं आज आहेत, आणि त्या आवाजात "बाबा, अडकलोय, पैसे पाठवा" असे फोनही येतात. ज्यांनी लिंक उघडून काही पाठवलं असेल त्यांनी घरात सांगून ठेवा, पैशाचा फोन आला तर आधी ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर स्वतः लावून बघायचा.

आणि कोणाला घरच्या माणसाचा आवाज खरोखरच जपायचा असेल तर व्हॉइस मेसेज दुकानात घेऊन या, पेन ड्राइव्हवर घालून देतो. दोन ड्राइव्हवर घ्या, एक मुंबईला असू दे. शंभर रुपये, ड्राइव्ह तुमचे. जुन्या फोनवरचं तुम्ही सांगितल्याशिवाय डिलीट करत नाही.