मंडईच्या आधी तलाव चकाचक कसा करावा

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची आपली जत्रा, दहा दिवसांवर आली, दंडारीच्या (लोकनाट्याच्या) तालमी रंगात आल्या, जिल्ह्यावरून आलेल्या पायडल बोटी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उलट्या पडल्यात, आणि नेमकी आत्ताच मामा (माजी मालगुजारी) तलावावर पोपटी साय धरली. घाबरू नका. अशा वेळी काय करतात ते आपल्याकडे जन्मजात माहीत असतं. तरी कोणी नवा सरपंच किंवा नवा बोटवाला चुकून विचारात पडलाच, तर त्याच्यासाठी हे चार शब्द. गेल्या आठवड्यात एका गावच्या पाळीवरून जे बघावं लागलं त्यातूनच हे मार्गदर्शन सुचलं, म्हणून श्रेय त्या गावाला.

सगळ्यात आधी त्याला "शेवाळ" म्हणा. शेवाळ म्हटलं की विषय संपतो, शेवाळ तर न्हाणीतही होतं. पण प्रत्येक गावात एक काडीवाला मास्तर असतो. तो काडी बुडवून दाखवेल. काडीला केसांसारखे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. काडी ऑइलपेंटच्या डब्यातून काढल्यासारखी माखून आली तर ते बहुधा शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जीवाणू, आणि त्यांच्या काही जाती विष करतात. तेवढ्यावर तो थांबला नाही तर हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरेल, झाकण लावून रात्रभर फ्रिजात न हलवता ठेवेल. सकाळी हिरवं तळाशी बसलं तर बहुधा साधं, वर येऊन कडं धरून बसलं तर बहुधा हे. ह्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पुंगळ्या असतात, म्हणून हे तरंगतात. मग तो तुम्हाला घाटावर नेऊन दगडावर वाळलेली पापडी दाखवेल: मधोमध हिरवट पांढरी, कडेला कपड्याच्या निळीसारखा निळा डाग. पेशी फुटून आतला निळा रंग बाहेर आलेला असतो. विष असलं तर तेही असंच बाहेर येतं, हे तो सांगायच्या आत विषय बदला. अशा माणसाला समितीवर घेऊ नये.

तपासणी मात्र जरूर करा. आधी टीडीएसचं पेन बुडवा. आकडा आला की फोटो काढून ग्रुपवर टाका, "पाणी ओके". पेन फक्त विरघळलेले क्षार मोजतं. जीवाणू किंवा त्यांचं विष त्याला कळत नाही. पण फोटोत ते दिसत नाही. मग ग्रामपंचायतीच्या कपाटातलं पाणी तपासणी किट काढा. त्यात क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कडकपणा असं सगळं आहे. जे बघायचंय नेमकं तेच नाही.

नमुना बाहेर पाठवायचा झाला तर दुपारी दोनला, तलावाच्या मधोमध जाऊन, खोलातून भरा. ह्याला शास्त्र आहे. वाऱ्याने साय एका काठाला जमते आणि पोरं उतरतात तो घाटच बहुतेक त्या काठाला असतो, म्हणून घाटापासून लांब राहा. आणि दुपारी का? आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा असा आपल्याकडे निकष आहे. भर उन्हात हे जीवाणू एवढा ऑक्सिजन सोडतात की तलाव पहिल्या वर्गात पास होतो. पहाटे जाऊ नका, पहाटे तोच ऑक्सिजन संपत आलेला असतो आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून हापसत असतात. निकषात पीएच ६.५ ते ८.५ आहे. दुपारी ९च्या वर निघाला तर मशीन बिघडली म्हणायचं.

नमुन्याला कोल्ड्रिंकची रिकामी बाटली चालते. गडद काचेची बाटली, बर्फाचा डबा, २४ तासांच्या आत प्रयोगशाळा, हे सगळं पुस्तकातलं. आपल्याकडे बाटली मोटारसायकलच्या डिकीत दोन दिवस फिरून मग जिल्ह्याला जाते.

पेशी मोजायला वेगळी बाटली आणि त्यात फिका चहा दिसेल इतपत लुगोलचं आयोडीन लागतं. दवाखान्यात मागा, जखमेला लावायचं भलतंच देतील.

कारंजं बसवा, लाल-हिरव्या दिव्यांसकट. तलाव ढवळण्याइतकी ताकद त्यात नसते, पण तुषार येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकात बरोबर जातात.

फलक लावायचाच असेल तर "आय लव्ह" आणि पुढे गावाचं नाव.

सायीला पोसणारा फॉस्फरस खतातून येतो, पण तो विषय सभेत काढू नका. वरच्या अंगाच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, पाणी तलावात येतं, त्यातल्या कोण्या बांधीत किती डीएपी पडलं हे विचारलं तर निवडणूक जड जाते. तरी हिशेब असा: ५० किलोच्या एका पोत्यात निव्वळ फॉस्फरस साधारण १० किलो. तलाव दहा हेक्टरचा आणि सरासरी दीड मीटर खोल धरला तर पाणी दीड लाख घनमीटर. एकच पोतं पूर्ण विरघळून आत आलं तर लिटरमागे ६६-६७ मायक्रोग्रॅम फॉस्फरस वाढला. तलाव ३५च्या वर गेला की त्याला अतिपोषित म्हणतात. एक पोतं! आणि मासे लवकर वाढावेत म्हणून तलावातच शेण आणि सुपर फॉस्फेट टाकणारा ठेकेदार वेगळा, घाटावर फुटणारी साबणाची पुडी वेगळी, पुलावरून पडणारी निर्माल्याची पिशवी वेगळी.

आता मुख्य उपाय. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

पोती आणा. किती? जेवढी दुकानात असतील तेवढी. हिशेब करणारे लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे ह्याच तलावाला दीडशे किलो, तीन पोती. पण तीन पोत्यांनी उद्घाटनाचा फोटो होत नाही, पाच टाका. डोंग्याच्या मागे पोतं बांधायचं आणि तलावभर ओढत फिरवायचं, मागे निळी रेघ उठते, फार देखणी दिसते. दोन दिवसांत साय तपकिरी पडते, बसते, आणि खालचं पाणी दिसायला लागतं. टाळ्या. बोटी सोडा.

आणि आता ऐका त्या पाण्यात काय झालं ते. मायक्रोसिस्टिससारख्या जीवाणूत विष बहुतेक पेशीच्या आत असतं. मोरचुदाने पेशी फुटते. काल जे विष सायीत अडकून एका काठाला होतं ते आज सगळ्या पाण्यात विरघळलेलं आहे. त्याला रंग नाही. नाहीसं व्हायला त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. हिरवं पाणी निदान सांगत तरी होतं, बाबा, लांब राहा. तुम्ही त्याचं तोंड बंद केलं आणि वर लेकरांना बोटीत बसवलं! १९७९ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पाम आयलंडवर असंच काहीसं झालं. पाणी हिरवं झाल्याची तक्रार आली, धरणात मोरचूद टाकलं, आणि काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, बहुतेक लेकरं, यकृत आणि मूत्रपिंडाला मार. ते पिण्याचं पाणी होतं, हे पोहायचं आहे, एवढाच काय तो फरक, आणि तुमची ढोरं तर हेच पितात. मेलेली साय कुजते, कुजताना ऑक्सिजन खाते, तिसऱ्या पहाटे कतला-रोहू पांढरं पोट वर करून काठाला. ठेकेदार बोंबलतो, मग त्याला नुकसानभरपाई. सायीतला फॉस्फरस कुठे जात नाही, पाण्यातच परत येतो. ऊन असलं तर दोन-तीन आठवड्यांत नवी साय. तांबं मात्र गाळात बसतं ते कायमचं. आणि उन्हाळ्यात तोच गाळ "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" म्हणून टिप्परने तुमच्याच वावरात. वा!

कोणी शंका काढली तर उत्तर तयार ठेवा: "काही होत नाही जी, आमचे आजे ह्याच तलावात पोहले." पोहले. आज्यांच्या काळात वरच्या बांधीत डीएपीची पोती पडत नव्हती.

पुरे झाली ही थट्टा. पाळीवर उभं राहून मी त्या गावाला सांगितलं होतं, बोटी पंधरा दिवस थांबवा. ऐकलं नाही. मंडईला पाहुणे येतात, त्यांची लेकरं काठाला बसून पाणी उडवतात, गिळतात. लेकराचं वजन कमी आणि पोटात जाणारं पाणी जास्त, म्हणून आधी त्याला लागतं: उलटी, हगवण, अंगाला खाज, डोळे लाल. कुत्रं पोहून येतं आणि अंग चाटतं, ते मरू शकतं. शिंगाडे तोडणारे ढिवर दिवस दिवस छातीभर पाण्यात असतात, त्यांना विचारलं का कोणी? पाणी उकळून विष जात नाही, तुरटी फिरवून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पोहण्याच्या पाण्याला मायक्रोसिस्टिनची, म्हणजे ह्याच विषाची, मर्यादा लिटरला २४ मायक्रोग्रॅम घातली, कायम पिण्याच्या पाण्याला १. जाड सायीत ते हजारोंनी असू शकतं. आणि तुम्ही पेनाचा फोटो टाकता! लाज वाटायला पाहिजे.

साय दिसली की त्याच दिवसापासून घाट बंद. दोरी बांधा, फलकावर साध्या मराठीत लिहा: पाण्यात उतरू नका, ढोरं पाजू नका, माशांची आतडी-काळीज खाऊ नका. त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची नसते. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून डोंग्यातून सोडा, किती खोलीवर दिसेनाशी होते ते आठवड्यातून एकदा एकाच जागी वहीत लिहा. पाणी हिरवट आणि थाळी मीटरभराच्या आत गेली की सावध. काठावरची जाड साय बारीक जाळीने, हातमोजे-गमबूट घालून, सकाळी वारा सुटायच्या आधी काढा आणि पाणी परत तलावात झिरपणार नाही अशा खड्ड्यात पुरा. वरून येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गाळ-खड्डा आणि गवताचा पट्टा ठेवा. आठ दिवसांच्या अंतराने दोन नमुने, दोन्ही घाटावरचे, दोन्ही चांगले आले तर बोटी सुलट्या करा. मंडई पाण्याशिवायही होते, दंडार पाळीखालीच असते.

आणि तुम्ही आणलेल्या पाच पोत्यांतली दोन उरली आहेत, पाळीवर फाटून पडलीत. आजच उचला. बकऱ्या तिथेच चरतात.