“चालत्या गाडीला हवामान काही करत नाही” हा दावा चुकीचा का आहे

गाड्यांचे ताफे सांभाळणाऱ्यांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आताच्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा लेप असतो, त्यामुळे गंजाची चिंता नको. गाडी पावसाने धुतली जातेच. उन्हाने फार तर रंग विटतो. उभ्या गाडीवर ताडपत्री टाकली की काम झालं. आणि चालती गाडी हवामानाने बिघडत नाही, म्हणून त्यावरचा खर्च नुसता दिखाऊ. हे वाचून तपासण्या बंद होतात आणि धोका त्या गाडीत रोज बसणाऱ्या चालकाच्या वाट्याला येतो. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

जस्ताचा लेप उपयोगी आहे, यात वाद नाही. जस्त स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. पण झिजणारी गोष्ट कधीतरी संपते. शिवाय हा लेप असतो तो मुख्यतः केबिनच्या आणि दारांच्या पत्र्याला. मालवाहू गाडीची चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, बहुतेक वेळा नुसती रंगवलेली असते. स्प्रिंगचे पाटे, पोलादी ब्रेक पाइप, बॅटरीचे टर्मिनल, वायरिंगचे जोड यांची काळजी वेगळीच घ्यावी लागते. मागाहून बॉडी बसवताना जिथे वेल्डिंग होतं, तिथला लेप उष्णतेने जळून जातो. गंज धरतो तो अशाच ठिकाणी, आणि तिथे वाकून कोणी पाहत नाही. त्यात मीठ आलं की वेग फार वाढतो, मग ते समुद्राकाठच्या हवेतलं असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. रस्त्यांवर वापरलं जाणारं मॅग्नेशियम क्लोराइड तर साधारण 33 टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. म्हणजे पाऊस नसला, रस्ता कोरडा असला, तरी चासीच्या खाचेत ओल टिकून राहते.

पाऊस गाडी धुतो, पण फक्त वरून. खालून तोच पाऊस चिखल उडवतो. चाकांच्या कमानीत, पाट्यांच्या बेचक्यात हा चिखल थापला जातो आणि टपावरचं पाणी वाळून गेल्यावरही कितीतरी वेळ ओला राहतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्रं असतात. ती बुजली की दार आतून सडतं आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. सिमेंटची धूळ बसलेली असेल तर पाऊस ती धूत नाही, उलट घट्ट बसवतो. गाडीचा खालचा भाग साध्या पाण्याने नियमित धुणं आणि ती छिद्रं मोकळी ठेवणं हे कुठल्याही महागड्या लेपापेक्षा आधीचं काम आहे. फक्त जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलवर किंवा वायरिंगच्या जोडांवर रोखू नये.

ताडपत्रीचा सल्ला अर्धवट आहे. ओल्या गाडीवर हवा न खेळणारं आच्छादन टाकलं तर ओल आतच कोंडते. धूळ बसलेल्या गाडीवर टाकलं तर वाऱ्याने ते कापड रंगावर घासत राहतं. मिठाने माखलेली गाडी न धुता उबदार बंद शेडमध्ये लावली, तर बाहेरच्या थंडीत मंदावलेला गंज आत जोर धरतो. आधी धुवा, वाळू द्या, मग झाका. उघड्या बाजूंची, नुसतं छप्पर असलेली शेड यासाठी उत्तम.

उन्हाने फक्त रंग विटतो, हे तर मुळीच खरं नाही. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटच्या काचा पिवळ्या पडतात आणि रात्री प्रकाश कमी होतो. उष्णतेने लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य घटतं. थंडीत गाडी सुरू झाली नाही की दोष थंडीला जातो, पण बॅटरी बहुधा आधीच्या उन्हाळ्यात खचलेली असते. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो-फुलतो तसं ते पृष्ठभागावर येत राहतं. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की हे थांबतं आणि टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडतात. राखीव गाड्या आणि स्टेपनी यांच्याकडे म्हणूनच जास्त लक्ष हवं. नक्षी शाबूत दिसली तरी टायरच्या बाजूवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे वाचा: पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

दिखाऊ खर्चाबद्दल मात्र संदेशाचं थोडं खरं आहे. मालवाहू ताफ्याला चकाकी आणणारे लेप सहसा लागत नाहीत. ते पैसे सील, रबरी होज आणि वायपर यांवर घाला.

आता शेवटचा दावा, चालती गाडी बिघडत नाही हा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, गाडी चालो वा न चालो. डॉट 4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली जातं. एअर ब्रेकच्या, म्हणजे दाबलेल्या हवेवर ब्रेक चालणाऱ्या, गाड्यांत कॉम्प्रेसर बाहेरची दमट हवा ओढतो आणि पाणी हवेच्या टाक्यांत साचतं. कडाक्याच्या थंडीत तेच गोठून वॉल्व्ह अडकवतं. टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाणी येत असेल, तर ड्रायरचं, म्हणजे हवेतली ओल शोषणाऱ्या भागाचं, काडतूस (कार्ट्रिज) बदलायची वेळ झाली आहे. ही नोंद चालकाने केली, तर काडतूस बदलेपर्यंत ती गाडी फेरीवर पाठवू नये, मग मालाची कितीही घाई असो.