रस्सा उकळला म्हणून सुरी उकळत नाही

आमच्या घरच्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरून राहिला. आधी काकाजींनी टाकला, मग मावशीनं, मग भाच्यानं दोनदा. म्हणणं असं की, चिकन-मटनसाठी वेगळी सुरी न् वेगळा बोर्ड हे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग आहे, आपलं जेवण खदखदा उकळतं, हळद-मीठ लावून नळाखाली धुतलं की जंतू खतम, लाकडी पाट तर जंतू स्वतःच मारतो, आणि आपल्या आजीनं कधी दोन सुऱ्या ठेवल्या होत्या का? पटकन पटतं, म्हणून लिहायला बसली.

"उकळत्या रस्स्यात काही टिकत नाही." बरोबर आहे ना! चिकन आतपर्यंत ७४ अंशांवर गेलं की कच्च्या चिकनवरचे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे दोन्ही जंतू मरतात आणि आपला सावजी रस्सा तर त्याच्या कितीतरी वर खदखदत असतो. गंजाबद्दल, म्हणजे रस्स्याच्या पातेल्याबद्दल, माझं भांडणच नाही, गंजाच्या बाजूला काय ठेवलं आहे ते पहा. ज्या सुरीनं चिकनचे तुकडे केले ती दोन सेकंद नळाखाली धरली, फडक्याला पुसली, आणि तिनंच कांदा कापला, काकडी कापली, सांबार (कोथिंबीर) चिरला, लिंबाच्या फोडी केल्या. यातलं काय शिजतं सांगा? तर्रीवर सांबार तर आपण गॅस बंद केल्यावर भुरभुरतो.

मागच्या वर्षी पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे हेच झालं. मारबतीची मिरवणूक पाहून आलेले पाहुणे, घाई, एकच सुरी, सगळं मीच कापलं. तिसऱ्या दिवशी चार जणांना जुलाब, ताप, पोटात मुरडा. त्यात एक आमची वहिनी, जी मटन-चिकनला हात लावत नाही. तिनं वरण-भात आणि कोशिंबीर खाल्ली होती, बस. पुरावा म्हणून हे कोर्टात टिकणार नाही, मला माहीत आहे, पण तेव्हापासून कोशिंबिरीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. आणि घरच्यांनी दोष कोणाला दिला? आदल्या संध्याकाळच्या पाणीपुरीला. कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास साधारण दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो, तोवर त्या दिवशी काय कापलं होतं हे कोणाच्या डोक्यातही नसतं, शेवटचं जे खाल्लं त्याच्यावरच बिल फाटतं.

"नळाखाली खळखळून धुवा." इथं मेसेजवालाही चुकतो आणि त्याला "धुऊच नका" असं उत्तर देणारेही थोडे चुकतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं एक प्रयोग केला, चिकनला निरुपद्रवी, ओळखता येतील असे जंतू लावले आणि लोकांना स्वयंपाक करायला लावला. ज्यांनी चिकन धुतलं त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले, २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये पोचले. पण ज्यांनी धुतलंच नाही, त्यांच्यातही ३१ टक्क्यांच्या सॅलडमध्ये पोचलेच! म्हणजे नुसतं "धुऊ नका" म्हणून भागत नाही, हात, सुरी, पाट हे खरे वाहक. आता आपल्याकडे दुकानातून आणलेल्या चिकनला पिसं, रक्त लागलेलं असतं, न धुता घ्या म्हटलं तर सासूबाई मलाच घराबाहेर काढतील. तर मग नळाची धार सोडू नका, सिंकमधली भांडी आधी बाजूला काढा, गंजात पाणी घेऊन हळूच धुवा, मग सिंक आणि नळाची तोटी साबणानं घासा. तोटी लोक हमखास विसरतात, चिकनच्या हातानंच तर ती उघडलेली असते.

हळद-मिठाचं म्हणाल तर ते चवीसाठी लावा, खुशाल लावा. हळदीतला करक्युमिन पाण्यात धड विरघळतही नाही, अर्ध्या तासात तो काय जंतू मारणार. उलट गंमत अशी की हळद लावताना तोच बरबटलेला हात मसाल्याच्या डब्यात जातो, पुन्हा चिकनवर, पुन्हा डब्यात, आणि साल्मोनेला कोरड्या मसाल्यातही बरेच दिवस तग धरतो. पुढची फोडणी ठीक, पण त्याच डब्यातलं तिखट-मीठ उद्या काकडीवर पडतं. मी आता लागेल तेवढं आधीच वाटीत काढून ठेवते.

लाकडाबद्दल मात्र मेसेजवाल्याला अर्धे मार्क. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या डीन क्लिव्हर यांनी हे तपासलं होतं, लाकूड जंतूंना आत ओढतं आणि ते तिथंच हळूहळू मरतात, उलट सुरीचे चरे पडलेला प्लास्टिकचा बोर्ड साफ करणं महाकठीण. पण "हळूहळू" हा शब्द पहा. चिकन उचलून दोन मिनिटांत तुम्ही काकडी ठेवता, तेवढ्यात पाट काय जादू करणार! आणि आपल्या पावसाळ्यात तो नीट वाळतच नाही.

आता आजी. माझ्या आजीकडे मटन घरात शिजतच नव्हतं. मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळा गंज, वेगळी विळी, तिथला सराटा (उलथनं) सुद्धा माजघरात यायचा नाही. ती जंतूंसाठी करत नव्हती, देवघरासाठी करत होती, पण कच्चं मांस आणि बाकीचं अन्न वेगळं राहायचं ना? आम्ही मात्र सगळं फ्लॅटमधल्या चार फुटांच्या ओट्यावर आणलं आणि वर आजीचंच नाव सांगून राहिलो.

काकाजी म्हणतात, जुलाबानं कोणी मरते काय. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे जुलाबासारख्या संसर्गानंतर कधीकधी हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले होते, आठवतं? त्यातल्या काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीच सापडला होता. तिथं संशय पाण्यावर होता, सुरीवर नाही, पण जंतू तोच, जो कच्च्या चिकनवर असतो.

आणि कंपन्यांच्या मार्केटिंगबद्दल, आमच्याकडे अजूनही सुरी एकच आहे. आधी कांदा, काकडी, सांबार, लिंबू कापून झाकून फ्रीजमध्ये ठेवते, मग चिकनची पिशवी उघडते. नंतर सुरी-पाट गरम पाणी आणि साबणानं घासते. पुसायचं फडकं त्या दिवशी ओट्यावर ठेवतच नाही, सरळ धुवायला टाकते. खर्च शून्य रुपये, काकाजी.