लोकेशन मागू नका, नकाशा वाचायला शिका

गेल्या महिन्यात आमच्या मुक्कामाचा एक फोटो टाकला होता. उंच पाँडेरोसा पाइन, मधे आमची २२ फुटी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) आणि नजर जाईल तिथवर दुसरं कुणी नाही. तेव्हापासून रोज एकदोन मेसेज येतात, "ताई, लोकेशन पाठव ना." मी नाही म्हटलं, काही जण नाराज झाले. म्हणून एकदा नीट लिहिते.

ती जागा अमेरिकेतल्या ॲरिझोनात, कायबॅब नॅशनल फॉरेस्टमध्ये आहे. एवढं सांगते. पिन देणार नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा सांगोल्याहून आले होते. डांबरी सोडून जंगलाच्या कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जमीन कुणाची ही?" म्हटलं, सरकारची. इथे साधारण १४ दिवस फुकट राहता येतं, बुकिंग लागत नाही, नळ नाही, वीज नाही, संडास नाही. ते म्हणाले, "म्हणजे गायरान." याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. एकट्या बीएलएमकडे, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याकडे, असं २४.५ कोटी एकर गायरान आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. फॉरेस्ट सर्व्हिसचे, म्हणजे इथल्या वनखात्याचे, १९.३ कोटी एकर वेगळेच. सगळीकडे मुक्काम चालत नाही, पण पश्चिमेकडच्या राज्यांत आयुष्यभर हिंडलात तरी जागा संपायच्या नाहीत. आणि तरी आपण सगळे त्याच वीस पिनांवर जाऊन का थांबतो?

आम्हीही गेलो होतो. पहिल्याच वर्षी ॲपवर भरपूर स्टार असलेली एक जागा निवडली आणि रात्री नऊला पोचलो. दोन्ही बाजूंना जनरेटर घरघरत होते, झुडपांना टॉयलेट पेपर अडकलेला, गाडी वळवायलाही जागा नाही. सकाळी माझा मुलगा दारातून खाली उतरायला तयार नव्हता. त्या दिवशी ठरवलं, जागा आपली आपण शोधायची.

त्यासाठी जे लागतं ते फुकट मिळतं. फॉरेस्ट सर्व्हिसचा एमव्हीयूएम (मोटर व्हेइकल यूज मॅप) नावाचा काळापांढरा नकाशा असतो. दिसायला अगदी रूक्ष. डोंगर नाहीत, सावल्या नाहीत, नुसत्या रेघा आणि रस्त्यांचे नंबर. पण कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते ते त्यातच कळतं, आणि रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके असतील तर त्या पट्ट्यात गाडी खाली उतरवून मुक्काम करता येतो. हा नकाशा ॲव्हेन्झा ॲपमध्ये उतरवून ठेवला की रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं. मग त्याच रस्त्याचा सॅटेलाइट फोटो उघडायचा आणि फाटे बघत बसायचं. फाट्याच्या टोकाला मातीचा फिकट गोल दिसला, की तिथे याआधी गाडी वळलेली आहे. मी रात्री जेवणं झाल्यावर तासतासभर हेच करते. बीएलएमच्या जमिनीत मात्र मधेमधे खासगी आणि राज्याच्या मालकीचे तुकडे असतात. ॲरिझोनात राज्याच्या ट्रस्ट लँडवर थांबायला परमिट लागतं, म्हणून जमीन कुणाची ते दाखवणारा थर चालू ठेवूनच नकाशा बघा.

जागेवर सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं. गाडी फाट्याच्या तोंडाशी उभी करायची आणि टोकापर्यंत पायी जाऊन बघून यायचं. फांद्या किती खाली आल्यात, वळायला जागा आहे का, माती कसली आहे. चिकणमातीचा रस्ता कोरडा असताना सिमेंटसारखा वाटतो आणि एका सरीत साबण होतो. आभाळ भरलेलं असेल तर माघारी फिरा. आणि 'वॉश'मध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कधीही मुक्काम टाकू नका. जुलै ते सप्टेंबर इथे पाऊस वीस मैलांवर पडतो आणि पाणी तुमच्यापाशी येतं.

जागा नवी करायची नाही, आधी कुणी राहिलेली घ्यायची. माझ्या लहानपणी धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायचे. दोनतीन रात्रींनी बिऱ्हाड हलायचं आणि मागे काय राहायचं? चुलीचे तीन दगड, थोडी राख आणि शेताला खत. कायबॅबमध्ये त्या फाट्याच्या टोकाला बाबांना काळवंडलेल्या दगडांचं कडं दिसलं. ते वाकले, एक दगड उलटा केला, खाली गवत पांढरं पडलं होतं. "जुनी चूल आहे, थांब इथंच." कुठल्याही ॲपपेक्षा मला तो दगड खात्रीचा वाटतो. (चूल दिसली म्हणून पेटवायची नाही. उन्हाळ्यात बहुतेक वेळा जाळ करायला बंदी असते, निघायच्या आधी त्या जंगलाची सूचना वाचा.)

त्या संध्याकाळी आम्ही पाइनच्या तापलेल्या सालीला नाक लावलं, व्हॅनिलासारखा वास येतो. सप्टेंबर होता. अंधार पडल्यावर नर एल्कची (इथल्या मोठ्या हरणाची) लांबलचक शीळ आली, आणि बाबा हातातला चहा तसाच धरून बसून राहिले.

अशा जागेची पिन पसरली की काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या अलाबामा हिल्समध्ये बघा. माउंट व्हिटनीच्या पायथ्याशी, पूर्वी मनाला येईल तिथे थांबता यायचं. गर्दी इतकी झाली की आता परमिट लागतं आणि आखून दिलेल्या जागीच राहावं लागतं. युटातल्या मोआबच्या आसपासही बऱ्याच भागांत तेच, शिवाय शौचाची सोय आपली आपण न्यायची आणि सगळं परत आणायचं. हे नियम मला पटतात. पण ते आपल्यामुळे करावे लागले याचं वाईट वाटतं. ग्रे टँकचं, म्हणजे गाडीतल्या आंघोळीचं-भांड्यांचं, पाणी "साबणाचंच तर आहे" म्हणून झाडाखाली सोडणारे आपल्यातलेही मी पाहिलेत. कृपा करून नका करू असं. टाक्या रिकाम्या करायच्या डंप स्टेशनपर्यंत न्या. पाण्यापासून २०० फूट लांब राहा, दुसऱ्याची गाडी दिसली तर पुढचा फाटा धरा, रात्री जनरेटर बंद ठेवा.

तेव्हा पिन नाही. पण ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी आपल्या भागातल्या जंगलाचं नाव मेसेज करा. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एमव्हीयूएम उघडून बसू, फाटे तुम्ही शोधायचे.